मेडिकलवाल्या काकांना, आम्हा तिघा भावंडांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

नुसते आभार मानायचे तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरल्या असत्या. पण आईवडील गावी आणि मुलं तीन दिशांना, अशी घरं आता प्रत्येक आळीत आहेत. तुम्ही आमच्या घरात औषधांची जी घडी बसवून दिलीत, ती त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. थोरला पुण्यात, बहीण न्यू जर्सीत, धाकटा मेलबर्नला आणि आई-बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावी. बाबांना हृदयाची आणि बीपीची औषधं. आईला थायरॉइड, साखर आणि रात्रीचं इन्सुलिन.

औषधं तर कुठूनही मिळाली असती. आभार आहेत ते तारखा जुळवून दिल्याबद्दल.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. पण बीपीच्या गोळीची पट्टी 10 ची, कोलेस्टेरॉलची 15 ची, रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅस्पिरिनची 14 ची आणि थायरॉइडची 100 गोळ्यांची बाटली. ज्याचं-त्याचं संपण्याचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे महिन्यातून चार वेळा दुकानाची फेरी आणि दर फेरीत काहीतरी राहिलेलंच. लांबच्या मुलांना तर नेमकं काय संपत आलंय ते कळायला मार्गच नसतो. तुम्ही एका महिन्यात प्रत्येक औषधाच्या हव्या तेवढ्याच सुट्या गोळ्या दिल्यात, कुणाच्या 3 तर कुणाच्या 11, आणि सगळ्यांचा शेवट एका दिवशी आणलात. तेव्हापासून 25 तारखेला यादी, 28 ला पिशवी घरपोच, 1 पासून नव्या पट्ट्या. अ‍ॅस्पिरिनच्या दोन पट्ट्यांवर 2 गोळ्या सुट्या, त्या कागदी पाकिटात, वर नाव, बॅच आणि एक्स्पायरी पेनाने लिहिलेली.

सुट्या गोळ्यांवरून आठवलं. पट्टी कापताना एक्स्पायरी छापलेला भाग तुम्ही कापून देत नाही, दुसऱ्या टोकाकडून कापता. पट्टीवर तारीख बहुधा एकाच कडेला असते. ती कड आधी गेली की उरलेल्या गोळ्या कधीच्या ते दुकानदारालाही सांगता येत नाही, मग घरातल्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेले चंदेरी तुकडे कुणी ओळखायचे? आम्ही आता पुण्यात आणि परदेशातही औषध घेताना पहिली नजर त्या कडेवर टाकतो.

शिवाय 7 दिवसांची शिल्लक. ही वेगळ्या डब्यात, आणि दर महिन्याला जुनी वापरात काढून नवी तिच्या जागी. कारणं दोन. एक म्हणजे 30-30 गोळ्या नेल्या तर वर्षाच्या 360 होतात, 5 दिवस उघडे पडतात, ते हळूहळू शिल्लक खातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं कारण आपला पाऊस. घाटात दरड आली की कोल्हापूरकडून येणारा माल अडकतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही शिल्लक भरून घेता आणि गणपतीच्या आधी पुन्हा एकदा, कारण तेव्हा चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ता आणि गिऱ्हाइकांनी दुकान, दोन्ही तुंबलेलं असतं. ऑनलाइन अ‍ॅपवर सूट मिळते हे खरं. पण 5 दिवसांचा हिशोब आणि घाटातली दरड त्या अ‍ॅपला कोण सांगणार?

इन्सुलिनचा हिशोब त्याहून चलाख. इन्सुलिन टोचायचं पेन 3 मिलीचं, म्हणजे 300 युनिट. आईचा डोस 18. कागदावर 16 दिवस जायला हवेत. पण नवी सुई लावल्यावर ती चालू आहे का पाहायला दर वेळी 2 युनिट हवेत सोडायचे असतात, म्हणजे रोजचे 20 आणि पेन 15 दिवसांत रिकामं. हे 2 युनिट धरले नाहीत की महिनाअखेरीला रात्री साडेनऊला इन्सुलिन संपतं. 31 च्या महिन्यात तिसरं पेन उघडावं लागतं, तेही तुमच्या यादीत आधीच असतं. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंश तापमानात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकवायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण टाकूनच द्यायचं. वापरातलं पेन बाहेर चालतं, साधारण 28 दिवस, 30 अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे ती हमी नाही, म्हणून तुम्ही सांगितलेलं मातीचं मडकं: बाहेरून ओलं फडकं, आत कोरड्या डबीत पेन. दुकानातून घरी नेतानाही बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये जाड कापडाची घडी.

आता नावांबद्दल. एखाद्या कंपनीची गोळी आली नाही की तुम्ही तेच औषध दुसऱ्या कंपनीचं सुचवता. यात औषधाची चूक नसते, माणसाची होते: जुन्या पट्टीतल्या चार गोळ्या उरलेल्या असतात, नवी पट्टी वेगळ्या रंगाची येते, आणि घरी दोन्ही सुरू राहतात. बीपीचं औषध दुप्पट, मग सकाळी उठताना अंधारी. म्हणून तुम्ही नव्या पट्टीवर मार्करने ‘जुनी तीच’ असं लिहिता, जुन्या उरलेल्या गोळ्या परत मागून घेता आणि आम्हा तिघांना एकच निरोप टाकता. नावापुढच्या ‘एएम’, ‘एच’ या शेपटांचा अर्थही तुमच्याकडूनच कळला. ‘एएम’ म्हणजे सोबत अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे सोबत लघवी वाढवणारं औषध. शेपूट बदललं की गोळीच बदलली, रंग आणि खोका सारखा असला तरी. त्यामुळेच चिठ्ठीचा फोटो उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असाच पाहिजे आणि पट्टीचा फोटो मागच्या बाजूने, हा तुमचा आग्रह. व्हिडिओ कॉलवर हलवून दाखवलेली पट्टी तुम्ही ग्राह्य धरत नाही. बरोबरच आहे.

वेळापत्रकाचा कागदही तुमच्याच हातचा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम तिच्यापासून 4 तास लांब, नाहीतर ते थायरॉइडची गोळी पोटात शोषूच देत नाही आणि मग रिपोर्ट बिघडला म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. बाबांची लघवीची गोळी सकाळीच, कारण संध्याकाळी घेतली की रात्री चार वेळा उठणं आणि ओल्या मोरीत पाय घसरणं. साखरेच्या मेटफॉर्मिनची ‘एसआर’ गोळी तोडायची नाही, चावायची नाही, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा. ही रोज घेतली जाण्याचा धोका सगळ्यात मोठा, कारण ती पुडी असते, दुधात घालून प्यायची, औषध वाटतच नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडावर ताण. त्या पुडीवर तुम्ही ‘रविवार’ लिहून देता.

आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत काय घालायचं नाही, हे कुठल्याच डबीवर लिहिलेलं नसतं. थायरॉइडची गोळी तिच्या बाटलीतच. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या मूळ वेष्टनात, आणि कपाटात नव्हे तर उशाशी. कोकणच्या पावसात उघडी गोळी दोन दिवसांत मऊ पडते.

उपवासांबद्दल मात्र तुमचे विशेष आभार. आईच्या संकष्ट्या, एकादश्या आणि श्रावणी सोमवार कमी होणार नाहीत, हे तुम्ही आमच्या आधी मान्य केलंत. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि मग दुपारपर्यंत पोटात काही नाही, तर साखर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं. तुम्ही वाद घातला नाहीत, डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस लिहून आणायला लावलात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तिथींना लाल गोल केलेत. साखर उतरलीच तर 3 चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खाणं. पेढा किंवा लाडू नाही, तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते.

आणि तुम्ही जे दिलं नाहीत, त्याचेही आभार. झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलाम द्या, असा आग्रह परदेशातून फोनवर कितीही झाला तरी तुमचं उत्तर एकच: चिठ्ठी आणा. ही औषधं एचवन यादीतली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली. ती यादी 2014 पासून लागू आहे, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत होते आणि ती वही 3 वर्षं जपायची असते. परदेशातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथे चालत नाही, मग तो घरातलाच का असेना. गुडघा दुखतो म्हणून बाबा मागतात ती डायक्लोफेनॅकही तुम्ही देत नाही. ती बीपी वाढवते, मूत्रपिंडाला जड जाते आणि अ‍ॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव करू शकते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा तापाची वेगळी गोळी घेऊन डोस दुप्पट करू नका, हे तुम्ही दर पावसाळ्यात न कंटाळता सांगता.

आता आमच्या आपसातल्या कामाबद्दल, कारण तीही घडी तुमचीच. तिघांनी तुम्हाला तीन फोन करायचे, तिघांनी तीच औषधं मागवायची आणि बिल कुणी भरायचं यावर गप्प बसायचं, हा घरोघरचा प्रकार. तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितलंत, नंबर एकच ठेवा. म्हणून मागणी आणि यूपीआय फक्त पुण्याहून. बिलाचा फोटो तिघांच्या ग्रुपवर, वाटणी सहा महिन्यांनी आमची आम्ही. भावंडांच्या पैशांची बोलणी दुकानाच्या काउंटरवर यायला नकोत, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. बऱ्याच घरांत कटकट औषधापेक्षा तिथेच होते.

फोनची वाटणी घड्याळाने केली. इथे सकाळचे 7 म्हणजे मेलबर्नला साडेअकरा किंवा साडेबारा, तेव्हा सकाळच्या गोळ्या धाकट्याच्या. रात्री 9 ला मेलबर्न झोपलेलं, पण न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा, म्हणून इन्सुलिन बहिणीकडे. तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरला, मेलबर्नला एप्रिल आणि ऑक्टोबरला. फोनचा अलार्म भारतीय वेळेवर लावला नाही तर त्या आठवड्यात फोन तासभर पुढेमागे होतो आणि आई वाट पाहत जेवत नाही. विचारायचं काय, तेही तुम्ही शिकवलंत. ‘गोळ्या घेतल्यात का?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. म्हणून ‘मंगळवारचा कप्पा उघडून दाखव.’

बीपीच्या आकड्यांसाठीही तुमची शिस्त: चहानंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकून 5 मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, सदऱ्याची बाही वर करून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एक नव्हे. बाबांचा दंड जाड असल्याने मोठा पट्टा तुम्हीच मागवून दिलात. लहान पट्टा बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि तो आकडा पाहून तीन शहरांत तिघांची झोप उडते.

एक कामाचं. बाबांची लघवीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे, चिठ्ठीचा फोटो पुण्याहून पाठवला आहे. मधोमध रेघ असलेली गोळी मिळाली तर तीच द्या, म्हणजे सारखी तुटेल. आणि 25 च्या यादीत तिच्या 30 ऐवजी 15 धरा.

आपली,
पुणे, न्यू जर्सी आणि मेलबर्नची भावंडं