बंदी लाकडावर नको, धुरावर हवी

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या बैठकीत न्हाणीघरातले बंब नि चुली बंद कराव्यात, असा विषय निघाला. त्रास खराच आहे. थंडीत पहाटे शेजारचा बंब पेटला की धूर वर जातच नाही. माडांच्या बुंध्याशी रेंगाळतो आणि आमच्या माजघरात शिरतो. सासूबाईंना दमा आहे, तेव्हा धुराची बाजू मी घेणार नाही. पण परसात झावळ्या, नारळाची सोडणं, आंब्याच्या वाळक्या फांद्या पडलेल्या असताना अंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणं किती घरांना परवडेल?

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्यात हजारो माणसं दगावली आणि १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूरबंदीच्या भागात तिथे आजही लाकूड जाळता येतं, पण चाचणीत उतरलेल्या शेगडीतच. तिच्यात ज्वाळेच्या वर गरम हवा सोडतात, म्हणजे न जळलेला धूर तिथेच पेट घेतो. हवेची झडप पूर्ण मिटू नये म्हणून अनेक शेगड्यांना अटकाव बसवलेला असतो. मला हे फार पटलं. आपण नेमकं उलट करतो: निखारा सकाळपर्यंत टिकावा म्हणून ओलं सोडण कोंबून बंबाच्या तोंडावर पत्रा लावतो, आणि रात्रभर ते धुमसत राहतं.

आमच्याच घरी धुरांड्याची चूल घातली तेव्हा गवंड्याने पाइप पन्हळीखाली संपवला. महिन्याभरात वासे काळे झाले, धूर घरातच. पाइप आढ्याच्या वर नेला तेव्हा सुटलो. लाकूडही आता शिमग्यानंतर फोडून पडवीत रचतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटणीत वाजायला हव्यात; बद्द आवाज आला तर ओल आहे. ब्रिटनमध्ये ओलाव्याची मर्यादा २० टक्के धरतात.

बायोमास, म्हणजे लाकूडफाटा-गोवऱ्यांसारखं इंधन जाळणाऱ्या चुलींसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १३१५२ हे मानक आहेच. ग्रामपंचायतींनी आधी त्यात बसणाऱ्या चुली दाखवाव्यात, गवंड्यांना धुरांडं बसवायला शिकवावं, धुमसते बंब थांबवावेत. हे शिमग्याआधी ठरलं, तर पावसाळ्याची लाकडं आम्हाला त्या हिशेबानेच फोडता येतील.

आपली,
एक वाचक, दापोली