प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र मुदत हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावची स्मार्ट सिटी योजनेसाठी २०१६ मध्ये निवड झाल्यापासून शहरात टप्प्याटप्प्याने होणारी कामे आपण पाहत आहोत. आमच्या गल्लीत काँक्रीट पडले, मात्र गटारीवरच्या फरशा बसण्याआधीच ठेकेदाराची माणसे पुढच्या टप्प्यावर गेली आणि पहिल्याच वळवाचे पाणी घरांत शिरले.

किरकोळ उणिवा वगळता काम ज्या हेतूसाठी केले तो साधत असेल, तरच ते वापरण्याजोगे पूर्ण झाले असे मानतात. सर्वसाधारणपणे त्या तारखेला विलंबाचा दंड थांबतो आणि दोषदुरुस्तीचा कालावधी (ज्यात ठेकेदाराने कामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) सुरू होतो, म्हणून ती तारीख ठरवणारा दाखला घाईने देणे घातक आहे. संपूर्ण कामाला एकच अंतिम तारीख असेल तर अर्धवट टप्प्याबद्दल जाब विचारणेही कठीण होते.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार, मुदत हा कराराचा गाभा, म्हणजे मूलभूत अट, असताना उशिरा झालेले काम स्वीकारताना भरपाई मागण्याची सूचना दिली नाही, तर तो हक्क जातो. कलम ७४ नुसार करारातील दंडाची रक्कम ही मिळू शकणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा असते. अधिकाऱ्यांनी भरपाई मागण्याची ही सूचना न चुकता द्यावी, कारण पैसा करदात्यांचा आहे.

प्रत्येक टप्प्याची तारीख, पूर्ततेचे निकष आणि दंड निविदेतच लिहावेत. कामाच्या जागेवरील फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव