गोगलगाईच्या वेगालाही सापेक्षता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सापेक्षतेवरचा लेख आवडला. पण ‘प्रकाशाच्या आसपासचा वेग नसेल तर या सिद्धांताचा आपल्याशी संबंध नाही’ हे वाक्य खटकलं.

मी बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. तारेचं कुंडल, गॅल्व्हानोमीटर (काट्यानं बारीकसा विद्युतप्रवाहही दाखवणारं उपकरण), पट्टीचुंबक. चुंबक कुंडलात सरकवला की काटा हलतो. एकदा एका मुलीनं चुंबक टेबलावरच ठेवला आणि कुंडल त्याच्यावर सरकवलं. काटा तसाच हलला. “सर, मग हललं कोण?” मी तेव्हा वेळ मारून नेली. आइन्स्टाइननं १९०५ मधला आपला निबंध नेमका इथूनच सुरू केला आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर चुंबक हलला तर विद्युतक्षेत्र निर्माण होतं आणि कुंडल हललं तर चुंबकीय बल इलेक्ट्रॉनांना ढकलतं, अशी दोन कारणं दिली जात. काटा एक आणि कारणं दोन, हे त्याला पटेना. क्षेत्र एकच, त्यातलं विद्युत किती नि चुंबकीय किती, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं.

आता वेगाचं बघा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जाताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात. मीटरभर जायला पावणेचार तास! सापेक्षतेनुसार सरकणारी गोष्ट सरकण्याच्या दिशेनं आखूड भरते, हे लांबीचं आकुंचन. या वेगाला ते मूळ लांबीच्या किती पट? दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्यं आणि मग ३. पण त्या मीटरभर तारेत मोकळे इलेक्ट्रॉन किती? ८५ वर एकवीस शून्यं. एरवी त्यांचा ऋण प्रभार तांब्यातल्या धन प्रभाराशी फिटतो. तारेबाहेरून त्यांच्याच वेगानं सोबत चालणाऱ्या इलेक्ट्रॉनला मात्र तारेतले इलेक्ट्रॉन थांबलेले दिसतात आणि धन प्रभार उलटे सरकणारे, म्हणून किंचित दाटलेले. हिशेब फिटत नाही, तार धन ठरते आणि त्या सोबत चालणाऱ्या इलेक्ट्रॉनला ओढते. तारेशेजारी उभे असलेले आपण त्याच ओढीला चुंबकीय बल म्हणतो. डोक्यावरचा पंखा फिरतो तो याच बलावर.

म्हणून चुंबकत्व हा निव्वळ भास, असंही पुढच्या लेखात कुणी लिहू नये. जिथे फक्त चुंबकीय क्षेत्र आहे, तिथे तुम्ही कितीही वेगानं धावा, ते पुरतं नाहीसं होत नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा