न दुखणारी जखम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. साखर, जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा यांचा परामर्श त्यात नीट घेतला आहे. चेतातंतूंचा विषय मात्र ‘संवेदना नसल्याने इजा कळत नाही’ एवढ्या वाक्यात उरकला आहे. इजा न कळणे हा अर्धाच भाग झाला. जखम भरून आणण्याच्या कामातही याच तंतूंचा हात असतो, हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही.

शस्त्रक्रिया विभागात परिसेविका असताना असे अनेक तळपाय मी पाहिले. एका गृहस्थांच्या अंगठ्याखालची जखम धुताना चिमट्याला काही कठीण लागले, ओढले तर चपलेची गंजलेली चूक, म्हणजे बारीक खिळा, निघाला. ते शेजारच्या रुग्णाशी बोलत होते, त्यांचे बोलणे थांबलेही नाही. वर त्यांनी विचारले, ‘‘सिस्टर, दुखत नाही, म्हणजे भरत आली ना?’’

वस्तुस्थिती उलट आहे. त्वचेतले बारीक तंतू वेदनेचा निरोप वर पाठवतात, तसेच इजेच्या जागी न्यूरोपेप्टाइड नावाचे रेणूही सोडतात. त्यातला सर्वांत जुना परिचयाचा ‘सबस्टन्स पी’. तो १९३१ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना सापडला. अकरा अमिनो आम्लांची ही साखळी वेदनेचा निरोप्या म्हणून ओळखली जाते. पण तीच केशवाहिन्या रुंदावते, संरक्षक पेशींना बोलावते आणि नव्या त्वचेच्या वाढीला चालना देते. मधुमेहात तंतू झिजल्याने तिची आवक घटते, आणि तिला तोडणारे नेप्रिलायसिन हे विकर (एन्झाइम) अशा जखमांत वाढलेले आढळते.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये सीजीआरपी या दुसऱ्या न्यूरोपेप्टाइडविषयीचे काम प्रसिद्ध केले. वेदनावाहक तंतू काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा रेंगाळल्या; तर जखमेच्या जागी चिकटून राहील असे घडवलेले सीजीआरपी दिल्यावर मधुमेही उंदरांच्या जखमाही लवकर भरल्या. हा रेणू दाह करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना वेळेवर बाजूला करतो आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींना दुरुस्तीकडे वळवतो, असे त्यांना दिसले. रेणू ‘चिकटून राहणे’ यातच खरी मेख आहे, कारण साधे पेप्टाइड चिघळलेल्या जखमेत लगेच पचून जाते.

अशा बातम्या ‘चमत्कारी मलम’ या मथळ्याखाली छापू नयेत, ही विनंती. उंदराची सैल कातडी आक्रसून जखम मिटवते. माणसाच्या तळपायाला आधी तळातून लाल मांस भरावे लागते आणि मग कडेने त्वचा सरकावी लागते. मधुमेहींच्या अशाच जखमांसाठीच्या बेकाप्लर्मिन या वाढघटकाच्या जेलला अमेरिकेत १९९७ मध्येच मान्यता मिळाली, तरी ड्रेसिंगच्या रांगा संपल्या नाहीत.

माझ्याच म्हणण्याला मुरड घालणारी एक गोष्टही सांगायला हवी. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर प्लास्टर चढवून दाखवले, की भार काढला तर तंतू मेलेल्या पायाचीही जखम भरते. मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या ‘एमसीआर’ चपला त्याच कामातून पुढे आल्या. म्हणजे न्यूरोपेप्टाइडचे औषध उद्या आले, तरी त्या चुकेवर रोज चालणाऱ्या पायाला त्याचा उपयोग होणार नाही.

पुढच्या लेखात पायाची संवेदना पारखणाऱ्या, दहा ग्रॅमच्या (तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या) मोनोफिलामेंटच्या तपासणीची माहिती चित्रासह द्यावी. नायलॉनचा एक धागा तळव्याच्या ठरावीक जागी वाकेपर्यंत टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने कळले की ‘हो’ म्हणायचे, एवढीच ती असते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, सांगली