आई-बाबा, बागेत मंच उभारण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बागेच्या समितीवर तुम्हाला घेतलंय आणि पहिल्याच बैठकीत मंच, ध्वनिक्षेपक, पाहुणे असा मोठा सोहळा ठरू घातलाय, असं आई म्हणाली. समितीवर जरूर राहा. सोहळा मात्र पुढे ढकलता आला तर ढकला. एका दिवसाच्या गर्दीने बागेला माणसं जोडली जात नाहीत. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, न चुकता होणारी एखादी लहान गोष्ट ते काम करते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ च्या शनिवारी पॉल सिंटन-ह्युइट यांनी पाच किलोमीटरची धाव ठेवली, तेव्हा धावणारे होते तेरा. प्रवेश मोफत, वेळ नोंदवायला स्वयंसेवक. त्याचंच पुढे दर शनिवारी होणारं 'पार्करन' झालं आणि ते वीसहून अधिक देशांत पोचलं. त्यात मंच कुठेच नाही.

सुरुवात मोजणीपासून करा. बागेत सध्या कोण येतं आणि काय करतं, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं, आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं असतं, कारण जो तो आपल्या वेळेला जातो. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस धरा. दोन्ही दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ. येणारे-जाणारे मोजताना वाटेवर मनातल्या मनात एक रेघ ओढा आणि पंधरा मिनिटांत ती किती जण ओलांडतात ते लिहा. फेऱ्या मारणारे दोनदा येतील, त्यांना वेगळी खूण करा. बसलेले, खेळणारे, उभे राहून बोलणारे यांच्यासाठी बागेतून एकच फेरी मारायची आणि कच्च्या नकाशावर दिसेल तिथे ठिपका द्यायचा. अंदाजे वय आणि बाई की पुरुष एवढंच लिहा. नावं नकोत, फोटो तर अजिबात नकोत. आई, हे काम तुझ्याकडे घे. तुझं लक्ष बारीक आहे आणि तू कुणाशी वाद घालत बसणार नाहीस.

नकाशावरच्या मोकळ्या जागा जास्त बोलतात. दिवे लागल्यावर बायका दिसेनाशा होत असतील, तर 'आणखी दिवे लावा' हे लगेच सुचेल, पण आधी दिव्यांखाली उजेड सारखा पडतो का ते पाहा. एक प्रखर दिवा आणि पुढे काळोख ही सगळ्यात वाईट मांडणी, कारण डोळे उजेडाला सरावतात आणि काळोखातलं काहीच दिसत नाही. वाटेकडेची झुडपं कमरेच्या खाली आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर ठेवल्या, तर मधून पलीकडचं दिसतं. वयस्क मंडळी एकाच कोपऱ्यात दाटीने बसत असतील, तर बाकी बाकांना पाठ आणि हात आहेत का ते बघा. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. त्याहून बरीच खाली असली की उठताना गुडघे बोलतात, आणि हात नसले तर रेटा द्यायला काहीच नसतं. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाची सपाट जागा लागते. उतार बाराला एक, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, याहून तीव्र नको. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं नूतनीकरण होऊन ते १९९२ मध्ये पुन्हा खुलं झालं, तेव्हा तिथे हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. माणसं खुर्ची जेमतेम वीतभर सरकवतात आणि मग बसतात. तेवढ्यानेही जागा आपली वाटते.

आता लोकांना विचारण्याबद्दल. 'बागेत काय हवं?' असं विचारलंत की कारंजं, व्यायामाची यंत्रं, सेल्फीची जागा अशी यादी येते आणि त्यातलं निम्मं होणारं नसतं. त्याऐवजी 'तुम्ही इथे काय करता, आणि काय करायचं असूनही करता येत नाही?' असं विचारा. उत्तरं कामाची येतात. फलकावर टिकल्या चिकटवून मत घ्यायची पद्धत दिसायला छान, पण पहिल्या दहा टिकल्या जिथे पडतात तिथेच पुढच्या पडत जातात. चिठ्ठ्या पेटीत टाकून घ्या. विचारायला सभागृहात बोलावू नका, बागेतच टेबल मांडा, आणि निदान दोन वेगळ्या वेळी. नाहीतर संध्याकाळी सातला मोकळा असलेला एकाच प्रकारचा माणूस सगळ्या परिसराच्या वतीने बोलतो.

आणि बाबा, जे आधीच ठरलंय त्यावर मत मागू नका. अमेरिकेतल्या लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्यात 'मत घेणं' ही जेमतेम चौथी पायरी, आणि तिला त्यांनी देखाव्याच्या गटात टाकलंय. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून. तुमच्या समितीने सातव्या-आठव्या पायरीची हौस धरायची गरज नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या आत फाटकाजवळ एक कागद लावा: आम्ही काय ऐकलं, काय करणार, काय करणार नाही आणि का नाही. शेवटचं 'का नाही' बहुतेक समित्या गाळतात, आणि पुढच्या वेळी पेटी रिकामी राहते.

चेंडू खेळणारी मुलं आणि फिरणारे, कुत्री आणणारे आणि लहान मुलांच्या आया, हे तंटे प्रत्येक बागेत असतात. लगेच कुंपण घालू नका. खडूच्या रेघा, दोरी आणि वेळा यांनी सहा आठवडे प्रयोग करून पाहा. रेघ पुसता येते, कुंपण काढायला पुन्हा बैठक घ्यावी लागते.

तुमचा वृक्षारोपणाचा बेत मला आवडला, पण आकडा खटकला. पन्नास रोपं लावायला एक सकाळ पुरते. जगवायची दोन वर्षं असतात. कोरड्या दिवसांत लहान रोपाला एका वेळी पंधरा लिटरची बादली, आठवड्यातून दोनदा, असं धरा. पन्नास रोपांच्या आठवड्याला शंभर बादल्या होतात, म्हणजे दीड हजार लिटर. नळापासून त्या कोण वाहणार? बारा रोपं लावा, आठवड्याच्या चोवीस बादल्या, आणि प्रत्येक रोपामागे दोन घरांची नावं. एक घर गावाला गेलं तर दुसरं असतं. आकडा पाणी घालणाऱ्या हातांवरून ठरवायचा, रोपवाटिकेने फुकट किती दिली यावरून नाही.

लावायची रीत बहुतेकांना येते असं समजू नका. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गोळ्याच्या उंचीहून खोल नको. खोल खड्ड्यात भरलेली भुसभुशीत माती खचते, रोप खाली जातं, आणि खोड जिथून मुळांकडे पसरायला लागतं तो भाग मातीत गाडला जाऊन साल कुजते. खड्ड्यावर काठी आडवी ठेवून पाहा: तो पसरट भाग काठीच्या पातळीला हवा. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, नाहीतर पुढे तीच खोडाला आवळतात. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते आठ सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकवून ढीग रचलेला सगळीकडे दिसतो, आणि तोच ओल धरून खोड नासवतो. आधाराची काठी बांधायची तर सैल, आणि साधारण वर्षाने काढायची. एका खड्ड्याला तिघं पुरतात. खड्ड्यांच्या जागा उद्यान खात्याकडून आधी तपासून घ्या, कारण जमिनीखालून वायर आणि पाण्याचे पाइप जातात. शक्य असेल तर आदल्या दिवशीच खणून ठेवा. टणक जमीन फोडण्यातच सकाळ गेली की मुलं कंटाळतात आणि रोपं घाईत कशीतरी उभी केली जातात.

स्वच्छतेच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. चिमटे आणि जाड हातमोजे हवेतच. काच आणि सुया एकाच जाणत्या माणसाने कडक डब्यात उचलायच्या. पिशव्या अर्ध्याच भरा, आणि त्या त्याच दिवशी कोण नेणार हे आधी लेखी ठरवा. फाटकाजवळ रात्रभर पडलेला ढीग सकाळपर्यंत कुत्र्यांनी पुन्हा बागभर केलेला असतो.

मोठ्या मुलामुलींना ओढायचं असेल तर जीवनोंदणी ठेवा. १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या केनिलवर्थ ॲक्वाटिक गार्डन्समध्ये बायोब्लिट्झ या नावाने पहिली मोजणी झाली: एका ठरल्या मुदतीत तज्ज्ञ आणि सामान्य लोक मिळून जेवढे म्हणून जीव सापडतील तेवढे नोंदवतात. तुम्हाला सकाळचे दोन तास पुरे. बागेचे चार भाग करा, प्रत्येक गटात जाणता एक आणि बाकी सात-आठ जण. पक्ष्यांवर अडून बसू नका. दगड उचलला की खाली जे सापडतं त्यात मुलांना जास्त रस असतो. दगड होता तसा परत ठेवायला लावा.

सोहळा झालाच, तर काही गोष्टी सोडू नका. परवानगीच्या अर्जात कार्यक्रमाची वेळ तर लिहाच, शिवाय सामान आणण्याची आणि नेण्याची वेळ, अंदाजे माणसं, वीज, आवाज, वाहनं आणि पावसाची पर्यायी तारीखही लिहा. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. रुग्णवाहिका आत येईल अशी साडेतीन-चार मीटर रुंद वाट शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे. तिथेच खुर्च्यांची शेवटची ओळ सरकते, म्हणून एक माणूस फक्त त्या वाटेवर उभा करा. झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली गाडी उभी करू देऊ नका. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि ती माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. तंबूच्या खुंट्या ठिबकच्या नळ्या फोडतात. त्यापेक्षा वजनं टांगा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मागच्यांना ऐकू जावं म्हणून एकच मोठा स्पीकर वाढवला तर पुढच्यांचे कान बधिर होतात आणि समोरच्या इमारतीतून तक्रार येते. चार लहान स्पीकर लोकांमध्ये वाटून, किंचित खाली झुकवून, घरांकडे पाठ करून लावा. विजेचं एक्स्टेंशन रिळावर गुंडाळलेलं ठेवून वापरू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर गुंडाळीत उष्णता साचून आवरण वितळतं. बाहेरच्या प्रत्येक जोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवीच. वाट ओलांडणारी वायर एकतर डोक्यावरून न्या किंवा आच्छादनाखालून.

हरवलेल्या मुलासाठी एक जागा ठरवा आणि तिथे कायम दोन मोठी माणसं बसवा, एक नव्हे. माइकवरून मुलाचं नाव, कपडे, वय सांगायचं नाही. 'एक मूल चौकशी टेबलाजवळ आहे' एवढंच पुरे. न्यायला येणाऱ्याने वर्णन सांगायचं, आपण नाही.

पावसाचा निर्णय कोणी एकाने घ्यायचा, आदल्या संध्याकाळी ठरल्या वेळेला. हिरवळीवर पाय दाबल्यावर पाणी वर आलं तर कार्यक्रम रद्द, मग ऊन पडलेलं असो. तशा ओल्या मातीवर दोनशे माणसं तासभर वावरली तर जमीन घट्ट होते आणि गवत काही महिने येत नाही.

शेवटी माणसं. 'मदतीला या' या हाकेला कोणी येत नाही. 'शनिवारी ७ ते ८:३०, पूर्वेचं फाटक, आठ जण, बाकांना रंग, जुने कपडे घाला' याला येतात, कारण काम कधी संपणार ते कळतं. दर आठ-दहा जणांमागे एक सांगणारा हवा. 'हो' म्हणणाऱ्यांपैकी बरेच येणार नाहीत, म्हणून काम कमी हातांत उरकेल असं आखा आणि जास्त आले तर द्यायला एक काम राखून ठेवा. रिकामा उभा राहिलेला स्वयंसेवक परत येत नाही. आणि बाबा, किल्ल्या, वही, फोन नंबर सगळं तुमच्याकडे ठेवू नका. सहा महिन्यांनी प्रत्येक काम दुसऱ्या कोणालातरी यायला हवं. तुम्हाला हे जड जाईल, आई हसत असेल.

बैठकीआधी बागेचा नकाशा कागदावर काढून पाठवा: फाटकं, नळ, विजेची जोडणी, मोठी झाडं, पाऊस पडल्यावर पाणी साचतं ती जागा. मापं पावलांत चालतील, फक्त पाऊल कोणाचं ते लिहा, आईची आणि तुमची पावलं सारखी नाहीत. त्यावर वाट आणि खुर्च्या आखून मी परत पाठवते.

तुमची,
धाकटी