फ्रान्समधली सायकल सहल : आधी नद्या पाहा, मग रस्ते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या सायकल सहलींवर पर्यटन पुरवण्यांत हल्ली बरंच छापून येतं. त्यात गावांची नावं असतात, रोजचे किलोमीटर असतात आणि ‘मोठे डोंगर नाहीत, त्यामुळे कुणालाही जमेल’ असं एक वाक्य हमखास असतं. या वाक्यावर विसंबून निघालेल्यांचे पाय दुसऱ्या दिवशीच बोलू लागतात, म्हणून हे पत्र.

फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातली तूरमाले खिंड २११५ मीटर उंचीवर आहे. ल्यूझ गावाच्या बाजूने १९ किलोमीटरमध्ये साधारण १४०० मीटर चढावं लागतं. हा आकडा आधीच ठाऊक असल्यामुळे माणूस तयारीनं जातो. तिथून उत्तरेला, नैर्ऋत्य फ्रान्सच्या गास्कनी प्रदेशातल्या जेर्स जिल्ह्यात, टेकड्या जेमतेम दोन-अडीचशे मीटरच्या. पण ८०-९० किलोमीटरच्या दिवसात तिथेही हजार-बाराशे मीटर चढ सहज जमा होतो. तो पन्नास-पन्नास, शंभर-शंभर मीटरच्या तुकड्यांत येतो, एवढाच फरक. प्रत्येक तुकडा किरकोळ वाटतो, म्हणून प्रत्येक वेळी जोर लावला जातो. उतार दोन-तीन मिनिटांत संपतो, तेवढ्यात दम परत येत नाही. तिसऱ्या तासाला पाय जड होतात ते यामुळे.

जेर्सचा नकाशा उघडला की आधी नद्या पाहाव्यात. साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ या साऱ्या पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या लान्मेझाँच्या पठाराकडून निघतात आणि पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत उत्तरेला गारोन या मोठ्या नदीकडे जातात. दोन नद्यांच्या मध्ये टेकड्यांची एक लांबट धार. उत्तर-दक्षिण गेलात तर खोऱ्यातून किंवा धारेवरून जाता येतं, चढ बेताचा राहतो. पूर्व-पश्चिम गेलात की प्रत्येक धार ओलांडावी लागते. अंतर तेच, पण एकूण चढ दुप्पट-तिप्पट.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ही खोरी दोन्ही बाजूंनी सारखी नाहीत. नदीच्या पूर्वेचा, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेला उतार आखूड आणि खडा असतो. पश्चिमेचा लांब आणि सौम्य. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेला जाणारा सायकलस्वार निवांत उतरतो आणि दर वेळी खड्या बाजूने चढतो. कोंदोंहून ला रोमियूमार्गे लेक्तूरला जाणं हे याचं नेमकं उदाहरण. ला रोमियूचं चौदाव्या शतकातलं चर्च आणि त्याचे दोन मनोरे पाहून पुढे निघालं की जेर्स नदीपर्यंत उतरायचं आणि मग नदीच्या उजव्या काठावरच्या सोंडेवर वसलेल्या लेक्तूरसाठी पुन्हा चढायचं, तेही दिवस संपत आलेला असताना. हाच मार्ग उलटा, लेक्तूरहून सकाळी निघून केला तर खूपच सोपा जातो. यात अडचण एकच, ती वाऱ्याची. वारा बहुधा पश्चिमेचा असतो आणि दुपारी वाढतो. म्हणून पश्चिमेला जायचं असेल तर सात-साडेसातला निघावं. समोरचा वारा आणि खडा चढ यांत निवड करायची वेळ आली तर वारा पत्करावा. वाऱ्यात वाकून बसता येतं, वेग कमी करता येतो, चढाला तशी सवलत नाही.

खोऱ्यातला रस्ता सपाट असतो म्हणून डोळे मिटून तोच घेऊ नये. ओश, फ्लरांस आणि लेक्तूर यांना जोडणारा एन २१ हा राष्ट्रीय मार्ग जेर्सच्या खोऱ्यातून जातो आणि त्यावर ट्रकांची रांग असते. ‘ए’ म्हणजे द्रुतगती मार्ग, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ टाळावेत. ‘डी’ हे जिल्हा मार्ग. त्यातही दोन-तीन आकडी क्रमांकांचे, मिशेलँ कंपनीच्या रस्ते-नकाशावर पांढरे किंवा फिकट पिवळे दाखवलेले रस्ते सायकलचे. त्याच नकाशावर रस्त्यावरचे बाण चढ दाखवतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. रस्त्याला हिरवी कड असेल तर देखावा चांगला. दोन बाण आणि हिरवी कड एकत्र दिसली तर पाणी भरून घ्यावं.

इथली जुनी गावं संरक्षणासाठी उंचावर बांधलेली. लारेसेंग्लसारखं तटबंदीचं गाव असो की तेराव्या-चौदाव्या शतकात आखून वसवलेली बास्तीद नावाची चौकोनी गावं असोत, मुक्कामाआधीचा शेवटचा किलोमीटर बहुतेकदा चढाचा असतो. फूर्सेस हा सुखद अपवाद: नदीकाठी, सपाटीवर, आणि चौकही गोल. उत्तरेला दोर्दोन्य जिल्ह्यातही गावं अशीच उंचावर. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं १२८४ मध्ये वसवलेलं मोंपाझिये आवर्जून पाहावं. चौकाभोवतीच्या कमानी आजही उभ्या आहेत. दोम हे गाव दोर्दोन्य नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर. बेनाक ते ला रोक-गाजाक हा नदीकाठचा रस्ता अप्रतिम आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तो सकाळी नऊच्या आत उरकावा. नंतर गाड्यांमुळे सायकलला जागाच उरत नाही. सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी सायकलवाट मुलांबरोबर जाणाऱ्यांना उत्तम.

आता गिअर. भाड्याची सायकल घेताना ब्रँड विचारण्याआधी दाते विचारा. पेडलजवळची पुढची दोन चक्रं ५० आणि ३४ दात्यांची, आणि मागची ११ ते ३४ दात्यांची असावीत. पुढच्या ३४ ला मागचं ३४ लावून पेडलच्या मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या की वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. आठ टक्के चढावर ७५ किलोच्या माणसाला त्यासाठी २०० वॅटच्या आसपास ताकद लागते. मागचं सर्वांत मोठं चक्र २५ दात्यांचंच असेल तर त्याच फेऱ्यांना वेग पावणेचौदा होतो आणि ताकद २७०च्या पुढे. ती नसली की फेऱ्या साठच्या खाली येतात आणि भार गुडघ्यांवर पडतो. दिवसात पंधरा वेळा हे झालं की गुडघा दुखणारच.

चेन पडते ती बहुधा खोऱ्याच्या तळाशी. उतारावरून मोठ्या चक्रावर येतो, छोटा पूल ओलांडतो, चढ अंगावर येतो आणि मग पूर्ण जोर लावलेला असताना पुढचं चक्र बदलतो. पूल येण्याआधीच, पाय हलका ठेवून, ५० वरून ३४ वर यावं आणि त्याच वेळी मागे दोन-तीन गिअर जड करावेत, म्हणजे पाय हवेत फिरत नाहीत. याच पुलांजवळ ओली पानं आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असतो, तेव्हा ब्रेक वळणाआधी संपवावा. भाड्याच्या सायकलवर डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. हे पहिल्याच दिवशी रिकाम्या जागेत तपासून घ्यावं.

टायर २८ मिलिमीटरचे, दाब पाच बारच्या आसपास. उन्हाळ्यात गावरस्त्यांवर डांबर फवारून वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबण्याचं काम गाड्यांच्या चाकांवर सोडतात. ‘ग्राव्हियों’ (खडी) अशी पाटी दिसली की उतारावर वेग कमी करून चाकांच्या घासलेल्या पट्ट्यातूनच जावं.

खाण्यापिण्याचं गणित इथे वेळेचं आहे. दुकानं साडेबारा ते दोन-अडीच बंद, बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद आणि बऱ्याचदा तो सोमवार असतो. जेवण बारा ते दीडमध्येच मिळतं. त्यामुळे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतील एवढा खाऊ खिशात हवाच. पाणी गावच्या नळाला मिळतं, नाहीतर दफनभूमीच्या दारापाशी. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं असेल तर ते पिऊ नये.

नियमांत सर्वांत फसवा नियम उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काचा. पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून निघालेल्या ट्रॅक्टरला आधी जाऊ द्यावं लागतं. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी केलेली पाटी असेल तर हक्क तुमचा. गावाबाहेर गाडीनं सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, गावात एक मीटर. कानात इअरफोन घालून चालवायला २०१५ पासून बंदी आहे, दंड १३५ युरो. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं.

संपादक महोदय, आपल्याकडे फ्रान्सचा सायकलमार्ग छापायला येईल तेव्हा लेखकाकडून एकूण चढ मीटरमध्ये आणि जाण्याची दिशा एवढं तरी मागून घ्यावं. किलोमीटरशेजारी या दोन गोष्टी छापल्या, तर सुट्टीचे आठ दिवस कुठे घालवायचे हे वाचकाला घरबसल्या ठरवता येईल. मे-जून किंवा सप्टेंबर असा महिनाही सोबत द्यावा. ऑगस्टच्या दुपारी त्या धारांवर सावलीला झाड नसतं.

आपला,
एक सायकलस्वार वाचक