ताई, आधी मोजमाप घ्यायला लावलंत म्हणून

ताई, स.न.वि.वि.

वाड्यातले सगळे मिळून तुम्हाला भेटायला येणार होतो. पण आता कोणी सिडकोत, कोणी पंचवटीत, तर कोणी मुलाकडे नाशिकरोडला राहतं. एकत्र गाठ पडणं अवघड झालंय. म्हणून सगळ्यांच्या वतीने हे आभाराचं पत्र, आणि तेही जाहीर. जुन्या नाशकातल्या इतर वाड्यांमधल्या भाडेकरूंनीही ते वाचावं असं फार वाटतं.

गावठाणात पावसाळा महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिशीपासून सुरू होतो. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की बाकीचं शहर पूर बघायला येतं, आम्ही घरातल्या भिंती चाचपत बसतो. त्या वर्षी चौकाकडच्या मातीच्या भिंतीला फुगारा आला, तुळईला टेकू द्यावे लागले आणि वाडा सी-१ वर्गात गेला. म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामा करायचा. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, तो खरंच राहण्याजोगा उरला नव्हता. धास्ती वेगळी होती. एकदा बाहेर पडलो की आपण इथे राहत होतो हे मानणार कोण? भाड्याच्या पावत्या वडिलांच्या, नाहीतर आजोबांच्या नावावर. काहींना तर मालकांनी पावती कधी दिलीच नाही.

तेव्हा आमच्या नगरसेविका असलेल्या तुम्ही आलात आणि पहिलंच बोललात, “पाडकाम होईल तेव्हा होईल, आधी प्रत्येकाचं मोजमाप.” वाडा पडला म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही, पण कोणाच्या ताब्यात किती जागा होती याची नोंद पाडण्याआधी हवी, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

मोजणीचा दिवस तर विसरणं शक्य नाही. भर पावसात तुम्ही टेपचं एक टोक धरून अंधाऱ्या जिन्यावर उभ्या होतात. खोल्या झाल्या, माजघर झालं, आणि अभियंता साहेब वही मिटायला लागले. तेवढ्यात तुम्ही जिन्याखालच्या जागेकडे बोट दाखवलंत. शिवणकाम करणाऱ्या काकूंचं मशिन तिथे होतं. त्या बिचाऱ्या “राहू दे हो, ती काय खोली आहे का” म्हणत होत्या. तुम्ही ऐकलं नाहीत. मशिन सरकवून लांबी-रुंदी घ्यायला लावलीत, काकूंचं नाव स्वतः वाचून खात्री केलीत, मग सही. काकूंचा सगळा संसार त्या शिलाईवर चालतो. त्या चार ओळी नसत्या तर नव्या इमारतीत त्यांच्या दुकानाचा विषयसुद्धा निघाला नसता.

नगरसेवक म्हटलं की लोकांना रस्ता, गटार, पथदिवे आठवतात. कागदाच्या कामाचा फलक लागत नाही, त्याचं उद्घाटनही होत नाही. शिवाय २०१७ पासून एका प्रभागात चार-चार नगरसेवक, त्यामुळे “ते माझ्याकडे नाही” म्हणायला वाव भरपूर. तुमच्या तोंडून ते वाक्य आम्ही ऐकलं नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. पद गेलं, तरी फाइल कोणत्या टेबलावर आहे याची चौकशी तुम्ही सोडली नाहीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ही सवयही तुम्हीच लावलीत. आता आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात पोचपावत्यांची पिशवी आहे.

इमारत अजून उभी राहिलेली नाही. मालकांशी बोलणी चालू आहेत आणि ती सोपी नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फरक एवढाच, पण फार मोठा, की आता बोलताना आमच्या हातात शिक्का-सहीचा कागद असतो. कोणी “तुम्ही कोण?” असं विचारत नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या वाड्यालाही यंदा नोटीस लागली आहे. तिथल्या मंडळींना आमच्या अर्जांच्या आणि मोजणीच्या नोंदीच्या प्रती दिल्या आहेत. त्यांनी तुमचा नंबर मागितला, तुम्हाला न विचारता दिला. रागावू नका.

काकूंचा निरोप आहे: सवडीने जेवायला या, मांडे करणार आहेत.

आपले,
वाड्यातले सर्व भाडेकरू
जुने नाशिक